दीर्घिका किती वेगाने फिरते यावरून तिचे वस्तुमान कुठे आहे हे नेमके कसे ठरवतात?

प्रश्न (मृगशीर्ष)

नमस्कार. दीर्घिकांच्या परिभ्रमणाविषयीच्या लेखांत बहुधा एकच आलेख दाखवलेला असतो. आडव्या अक्षावर केंद्रापासूनचे अंतर, उभ्या अक्षावर ताऱ्यांचा किंवा वायूचा वेग, आणि बाहेरच्या भागात खाली उतरण्याऐवजी जवळजवळ सपाट जाणारी रेषा. त्यानंतर लगेच 'म्हणून कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारे पण गुरुत्वाने ओढणारे द्रव्य, असले पाहिजे' हा निष्कर्ष येतो. निष्कर्षाला माझी हरकत नाही, परंतु आलेखापासून निष्कर्षापर्यंतची वाट मला कुणी नीट दाखवलेली नाही.

माझी अडचण अशी आहे. एखाद्या अंतरावरचा वेग मोजला, तर त्यातून फार तर एक आकडा मिळेल: त्या कक्षेच्या आत एकूण किती वस्तुमान आहे याचा. मग 'वस्तुमान कसे पसरले आहे' हे कशावरून सांगतात? कक्षेच्या बाहेरही पुष्कळ पदार्थ असतो. त्याची ओढ हिशेबात का धरत नाहीत? आणि सर्वांत मूलभूत शंका म्हणजे, ज्या फेरीला कोट्यवधी वर्षे लागतात तिचा वेग आपण एका आयुष्यात, किंबहुना एका रात्रीत, कसा मोजतो? शालेय पातळीवरील न्यूटनचे नियम मला ठाऊक आहेत. त्यापुढचे गणित आले तरी चालेल, मात्र ते शब्दांत समजावून सांगावे ही विनंती.

प्रतिसाद १ (त्रिज्या)

आपल्या पहिल्या दोन शंकांपुरते लिहितो. वेग मोजण्याविषयी इथे माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे सदस्य आहेत.

वर्तुळाकार कक्षेत फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे जे त्वरण लागते ते वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या इतके असते, आणि ते पुरवण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते. वस्तुमान गोलाकार सममितीने पसरलेले आहे असे क्षणभर मानले, तर न्यूटनने सिद्ध केलेला एक सुंदर नियम लागू पडतो: कक्षेच्या आतले सर्व वस्तुमान जणू केंद्रबिंदूत एकवटले आहे अशा रीतीने ओढते, आणि कक्षेबाहेरच्या गोलाकार कवचांची ओढ सर्व दिशांनी मिळून शून्य होते. बाहेरचा पदार्थ हिशेबात धरत नाहीत तो या नियमामुळे. म्हणजेच आतले वस्तुमान हे वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले गुरुत्व स्थिरांक एवढे येते. वेग किलोमीटर प्रति सेकंद आणि अंतर किलोपार्सेकमध्ये घेतले, तर वेगाचा वर्ग गुणिले अंतर गुणिले २.३३ लाख इतक्या सूर्यांचे ते वस्तुमान असते. (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षे.) आपला सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे ८.२ किलोपार्सेकवर, सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरतो; हे आकडे घातले की सूर्याच्या कक्षेच्या आत सुमारे १०,००० कोटी सूर्यांइतके वस्तुमान येते.

आता मुख्य मुद्दा. एका अंतरावरचा वेग एकच आकडा देतो हे आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु आपल्याकडे एक अंतर नसून अंतरांची संपूर्ण मालिका आहे. दहा किलोपार्सेकच्या आत किती आणि अकराच्या आत किती हे दोन्ही कळले, की त्यांची वजाबाकी म्हणजे दहा ते अकरा यांमधल्या कवचात असलेले वस्तुमान. त्याला कवचाच्या घनफळाने भागले की घनता. म्हणून मांडणीची माहिती वेगाच्या आकड्यापेक्षा आलेखाच्या चढउतारात अधिक असते. सगळे वस्तुमान केंद्रात असेल, तर वेग अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. सूर्यमालेत तसेच दिसते: बुधाचा वेग सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर, पृथ्वीचा ३०, आणि पृथ्वीच्या तीसपट अंतरावरील नेपच्यूनचा अवघा ५.४. याउलट घनता सर्वत्र सारखी असेल, तर आतले वस्तुमान अंतराच्या घनाने वाढते आणि वेग अंतराच्या सरळ प्रमाणात चढत जातो. या दोन टोकांच्या मधोमध वेग स्थिर राहण्याची स्थिती येते. तिच्यात आतले वस्तुमान अंतराच्या सरळ प्रमाणात वाढते आणि घनता अंतराच्या वर्गाने घटते. आलेखातली सपाट रेषा पाहून 'बाहेर घनता स्थिर आहे' असा समज होऊ शकतो. तसे नाही. घनता वेगाने घटतेच आहे, पण प्रकाश ज्या गतीने घटतो त्या मानाने ती फारच सावकाश घटते.

एनजीसी ३१९८ या सर्पिल दीर्घिकेचे उदाहरण मला या विषयात सर्वांत बोलके वाटते. व्हान आल्बाडा, बाकॉल, बेगेमान आणि सान्चिसी यांनी १९८५ मध्ये तिच्या उदासीन (विद्युतभार नसलेल्या) हायड्रोजन वायूचा वेग ३० किलोपार्सेकपर्यंत मांडला. सुरुवातीच्या चढानंतर तो सेकंदाला सुमारे १५० किलोमीटर एवढाच राहतो. तिच्या तबकडीचे तेज केंद्रापासून दर २.७ किलोपार्सेकला आधीच्या ३७ टक्क्यांवर येते; या अंतराला तबकडीची प्रमाणलांबी म्हणतात. या हिशेबाने साडेतेरा किलोपार्सेकच्या आत ९६ टक्के प्रकाश संपतो. वेग मात्र सांगतो की त्यापुढेही दर किलोपार्सेकमागे सुमारे ५२० कोटी सूर्यांइतके वस्तुमान भरत जाते, आणि ३० किलोपार्सेकपर्यंत एकूण बेरीज १५,७०० कोटी सूर्यांपर्यंत पोहोचते. प्रकाश जिथे जवळजवळ संपला, तिथपासून शेवटच्या मोजमापापर्यंत वस्तुमान दुपटीहून अधिक झाले. त्या संशोधकांनी ताऱ्यांच्या वाट्याला शक्य तितके जास्त वस्तुमान देऊन पाहिले, तरी न दिसणारे द्रव्य दिसणाऱ्याच्या किमान चौपट निघाले.

प्रतिसाद २ (वर्णपट)

वेग कसा मोजतात ते सांगतो, कारण वरच्या सगळ्या गणिताची विश्वासार्हता त्यावर ठरते.

तारा जागचा हललेला पाहण्याची गरज नसते. डॉप्लर परिणाम, म्हणजे स्रोत जवळ येताना किंवा दूर जाताना प्रकाशाच्या तरंगलांबीत होणारा बदल, पुरेसा असतो. आयनीभूत वायुमेघांतील हायड्रोजनची लाल वर्णरेषा प्रयोगशाळेत ६५६.२८ नॅनोमीटरवर असते. वायू आपल्यापासून सेकंदाला २०० किलोमीटर वेगाने दूर जात असेल, तर ती सुमारे ०.४४ नॅनोमीटरने लाल बाजूला सरकते, आणि जवळ येत असेल तर तेवढीच निळ्या बाजूला. एवढे अंतर चांगला वर्णपटमापक सहज दाखवतो. दीर्घिकेच्या लांब अक्षावर वर्णपटमापकाची चीर ठेवली, की एका बाजूला रेषा लालकडे आणि दुसऱ्या बाजूला निळ्याकडे झुकलेली दिसते. दोन्हींच्या सरासरीतून संपूर्ण दीर्घिकेची स्वतःची गती मिळते आणि उरतो तो फिरण्याचा वेग.

असे झुकलेले वर्णपट १९१४ मध्येच व्हेस्टो स्लिफर यांना दिसले होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रान्सिस पीझ यांनी माउंट विल्सन वेधशाळेत देवयानी दीर्घिकेच्या केवळ आतल्या भागासाठी ऐंशी तासांच्या आसपास प्रकाश साठवून एकेक वर्णपट घेतला. या विषयाची प्रगती एवढी संथ का झाली, याचे उत्तर त्या तासांत आहे. होरेस बॅबकॉक यांनी १९३९ मध्ये देवयानीचे मोजमाप बरेच बाहेर नेले आणि बाहेरच्या भागात प्रकाशाच्या मानाने वस्तुमान अधिक असल्याचे नोंदवले. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये त्याच दीर्घिकेतील ६७ तेजस्वी वायुमेघांचे वेग २४ किलोपार्सेकपर्यंत दिले. त्यांचे नाव सर्वत्र घेतले जाते आणि ते योग्यच आहे. तरीही ताऱ्यांच्या तबकडीच्या कितीतरी बाहेरचा वेग मिळाला तो रेडिओ दुर्बिणींमुळे, हे सांगताना बहुतेक लेखक हात आखडता घेतात. उदासीन हायड्रोजन २१ सेंटीमीटर तरंगलांबीवर, म्हणजे १,४२० मेगाहर्ट्झवर, रेडिओ लहरी सोडतो. हे भाकीत हेंड्रिक व्हान दे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये केले आणि १९५१ मध्ये ते खरे ठरले. हा वायू ताऱ्यांच्या तबकडीपलीकडे बराच दूर पसरलेला असतो, त्यामुळे जिथे तारे नाहीत तिथेही वेग मोजता येतो. अल्बर्ट बोस्मा यांच्या १९७८ च्या प्रबंधात अशा पंचवीस दीर्घिकांचे वेग आहेत, आणि सपाट रेषा हा एखाद-दुसऱ्या दीर्घिकेचा अपवाद नाही हे पटवण्यात त्या प्रबंधाचा वाटा माझ्या मते फार मोठा आहे.

आता सावधगिरीच्या गोष्टी. डॉप्लर परिणाम केवळ आपल्या दृष्टिरेषेवरचा वेग सांगतो. दीर्घिका अगदी समोरून, गोल तबकडीसारखी दिसत असेल, तर तिच्या फिरण्याचा कोणताही अंश आपल्या दिशेने येत नाही आणि मोजण्यासारखे काही उरत नाही. ती कललेली असेल, तर तिच्या लंबवर्तुळाकार प्रतिमेच्या लांबी-रुंदीवरून कलकोन काढतात आणि मोजलेल्या वेगाला त्या कोनाच्या ज्येने (साइनने) भागतात. वस्तुमानात वेगाचा वर्ग येत असल्याने इथली चूक महागात पडते. खरा कल ६५ अंश असताना ६० धरला, तर वस्तुमान सुमारे साडेनऊ टक्क्यांनी जास्त येईल. पण खरा २५ असताना ३० धरला, तर ते जवळपास ३० टक्क्यांनी कमी येईल. बाहेरची तबकडी पुष्कळदा मुरडलेली असते, त्यामुळे दीर्घिकेला वेगवेगळ्या कलांच्या अनेक कड्यांत विभागून प्रत्येक कड्याचा वेग स्वतंत्रपणे काढावा लागतो. मध्यभागी ताऱ्यांचा लांबट दांडा असलेल्या दीर्घिकांत वायू वर्तुळात फिरतच नाही. तिथे आतल्या आलेखावर विसंबू नये. शिवाय रेडिओ दुर्बिणीची नजर जाड असेल, तर केंद्राजवळचे वेगवेगळे वेग एकमेकांत मिसळतात आणि तीव्र चढ खोटाच सौम्य दिसतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे दीर्घिकेचे आपल्यापासूनचे अंतर. वेग त्यावर अवलंबून नसतो, परंतु किलोपार्सेकमधली त्रिज्या असते, त्यामुळे अंतर दहा टक्क्यांनी चुकले की वस्तुमानही दहा टक्क्यांनी चुकते.

मृगशीर्ष

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभारी आहे. वजाबाकीचा मुद्दा वाचून पहिली शंका पूर्ण मिटली. परंतु त्यातूनच दुसरी अधिक टोकदार झाली. त्रिज्या यांनी वस्तुमान 'गोलाकार सममितीने पसरलेले' मानले आहे, आणि डोळ्यांना दिसणारी दीर्घिका तर चपटी तबकडी आहे. तबकडीला तो कवचांचा नियम लागू पडतो का? पडत नसेल, तर ज्या गृहीतकावर सगळे उभे आहे तेच डळमळीत नाही का? आणि न दिसणारे द्रव्य तबकडीतच असू शकत नाही, ते तबकडीला सर्व बाजूंनी वेढणाऱ्या गोलाकार प्रभामंडळातच असले पाहिजे, हे कशावरून?

प्रतिसाद ३ (लंबक)

हाच प्रश्न विचारायला हवा होता. तबकडीला कवचांचा नियम लागू पडत नाही. एखाद्या वलयाच्या प्रतलातच, पण वलयाच्या आत असलेल्या कणावर त्या वलयाची ओढ शून्य नसते. जवळची बाजू जिंकते आणि कण बाहेरच्या दिशेने ओढला जातो. उलट कक्षेच्या आतला पदार्थ तबकडीत चपटा झालेला असेल, तर तो तेवढ्याच वस्तुमानाच्या गोलापेक्षा अधिक जोराने आत ओढतो. म्हणून तबकडीसाठी प्रत्येक अंतरावर आतल्या आणि बाहेरच्या सर्व वलयांचे योगदान जमेस धरावे लागते. केनेथ फ्रीमन यांनी १९७० मध्ये, ज्या तबकडीचे तेज ठरावीक अंतराला ठरावीक पटीने घटते तिच्यासाठी हे गणित करून दाखवले. तिचा वेग २.२ प्रमाणलांबींवर शिखर गाठतो, आणि ते शिखर तसेच वस्तुमान गोलाकार पसरवले असता येणाऱ्या वेगापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी उंच असते. त्याच लेखात त्यांनी हेही नोंदवले की एनजीसी ३०० आणि एम ३३ या दीर्घिकांची त्या वेळची मोजमापे खरी असतील, तर त्यांच्यात प्रकाशाच्या मांडणीशी न जुळणारे बरेच अदृश्य द्रव्य असले पाहिजे.

तेव्हा गृहीतक डळमळीत आहे का? आकड्यांत थोडा फरक पडतो, निष्कर्षाच्या दिशेत पडत नाही. पण आपल्या शेवटच्या शंकेला मात्र परिभ्रमणाचा आलेख एकट्याने उत्तर देऊ शकत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्या पातळ तबकडीची पृष्ठघनता (दर चौरस क्षेत्रफळामागचे वस्तुमान) अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते, तिचा वेगही सर्वत्र स्थिर येतो. लिऑन मेस्टेल यांनी १९६३ मध्ये अभ्यासलेली ही तबकडी आणि वर्गाने घटणाऱ्या घनतेचा गोल, दोघेही हुबेहूब तीच सपाट रेषा देतात. कारण सरळ आहे: आलेख आपल्याला प्रतलातल्या, केंद्राकडे जाणाऱ्या बलाविषयीच सांगतो. त्या बलामागचा पदार्थ चपटा आहे की गोल, हे कळण्यासाठी प्रतलाला लंब दिशेतली ओढ मोजावी लागते.

आकाशगंगेत ती मोजता येते. सूर्याजवळचे तारे केंद्राभोवती फिरताना तबकडीच्या वरखालीही झुलत असतात. किती उंचीवर किती तारे सापडतात आणि ते कोणत्या वेगाने वरखाली जातात, हे दोन्ही मोजले की त्यांना तबकडीकडे खेचणाऱ्या पदार्थाचा अंदाज येतो. यान ऊर्ट यांनी १९३२ मध्ये या पद्धतीचा पाया पक्का केला. कोनराड कैकेन आणि गेरी गिलमोर यांनी १९९१ मध्ये जो आकडा दिला तो असा: तबकडीच्या दोन्ही बाजूंना १.१ किलोपार्सेकपर्यंतचा सगळा पदार्थ मिळून दर चौरस पार्सेकमागे सुमारे ७१ सूर्यांइतके वस्तुमान. आता सूर्याचा २३० किलोमीटरचा वेग आणि ८.२ किलोपार्सेक अंतर मेस्टेलच्या तबकडीत घालून पाहा. सगळे वस्तुमान पातळ तबकडीत असते, तर इथे दर चौरस पार्सेकमागे सुमारे २४० सूर्य सापडायला हवे होते. सापडतात ७१. त्यांपैकी तारे आणि वायू मिळून ५० च्या जवळपास आहेत. उरलेल्या वीस-बावीससाठी न दिसणाऱ्या द्रव्याची घनता दर घन पार्सेकला सूर्याच्या शंभराव्या भागाइतकी लागते, आणि साधारण गोलाकार प्रभामंडळ सूर्याच्या अंतरावर जवळपास तेवढीच घनता देते. केंद्राकडे ओढणाऱ्या वस्तुमानाचा मोठा भाग तबकडीच्या प्रतलात नाही, तो वर आणि खाली दूरवर पसरलेला आहे, याचा माझ्या दृष्टीने हा सर्वांत थेट पुरावा आहे.

दुसरा पुरावा सैद्धांतिक आहे. जेरेमाया ऑस्ट्रायकर आणि जेम्स पीबल्स यांनी १९७३ मध्ये दाखवले की केवळ स्वतःच्याच गुरुत्वाने बांधलेली, शांतपणे फिरणारी तबकडी फार काळ तशी राहत नाही. काही फेऱ्यांतच तिच्यात जाड दांडा तयार होतो आणि ताऱ्यांच्या गती विस्कटतात. तबकडीभोवती गोलसर, वजनदार आवरण असेल तर हे टळू शकते.

मग आकार ठरला, असे समजून एखाद्या दीर्घिकेत तारे किती आणि प्रभामंडळ किती ही वाटणी करू गेलो, तर नवी अडचण उभी राहते, आणि तिच्याविषयी लोकप्रिय लेखनात जवळजवळ काहीच नसते. निरनिराळ्या घटकांची बले एकमेकांत मिळवली जातात, म्हणून एकूण वेगाचा वर्ग हा ताऱ्यांमुळे, वायूमुळे आणि प्रभामंडळामुळे येणाऱ्या वेगांच्या वर्गांची बेरीज असतो. वायूचे वस्तुमान २१ सेंटीमीटरच्या तेजावरून बऱ्यापैकी कळते. ताऱ्यांचा प्रकाश कळतो, पण एवढ्या प्रकाशामागे वस्तुमान किती, हे ताऱ्यांच्या मिश्रणावर अवलंबून असते, कारण मंद लाल ताऱ्यांत वस्तुमान पुष्कळ आणि प्रकाश थोडा असतो. हे गुणोत्तर जास्त धरले की प्रभामंडळ हलके होते, कमी धरले की जड होते, आणि दोन्ही मांडण्या मोजलेल्या आलेखावर सारख्याच चांगल्या बसतात. ताऱ्यांना जास्तीत जास्त वाटा देणाऱ्या मांडणीत २.२ प्रमाणलांबींवरच्या वेगाचा सुमारे ८५ टक्के भाग तबकडीचा असतो, म्हणजे वर्ग केल्यावर बलाचा सुमारे ७० टक्के. याउलट जवळजवळ समोरून दिसणाऱ्या दीर्घिकांमधील ताऱ्यांच्या लंब दिशेतल्या गती मोजून काही संशोधकांनी हा वाटा वेगाच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे बलाच्या जेमतेम पाव, काढला. त्यावर आक्षेप असा आहे की गती मोजली जाते ती प्रामुख्याने तरुण, तेजस्वी ताऱ्यांची, आणि तबकडीची जाडी धरली जाते ती जुन्या ताऱ्यांची. हा मेळ चुकला तर तबकडी खऱ्यापेक्षा हलकी दिसते. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. निकाल अजून लागलेला नाही.

या गोंधळातून ज्या दीर्घिका जवळजवळ मुक्त आहेत त्या म्हणजे वायूने समृद्ध, ताऱ्यांनी गरीब अशा बटू (आकाराने लहान) दीर्घिका. डीडीओ १५४ ही त्यांतली प्रसिद्ध. तिचा वेग सेकंदाला ५० किलोमीटरच्या आसपासच जातो, आणि ताऱ्यांना काहीही वाटा दिला तरी दिसणारा पदार्थ त्यासाठी फार अपुरा पडतो.

प्रतिसाद ४ (शून्यमंडल)

वरील सर्व प्रतिसादांत एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली आहे: आलेखातून वस्तुमान काढताना न्यूटनचा नियम दीर्घिकेच्या बाहेरच्या अत्यंत दुबळ्या त्वरणांनाही जसाच्या तसा लागू पडतो, ही. मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये सुचवले की त्वरण एका मर्यादेखाली गेले की गतीचा किंवा गुरुत्वाचा नियमच बदलतो. ती मर्यादा पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ८,००० कोटीव्या भागाइतकी आहे. त्यांच्या सूत्रानुसार बाहेरच्या सपाट वेगाचा चौथा घात हा केवळ दिसणाऱ्या वस्तुमानाच्या प्रमाणात असतो. एनजीसी ३१९८ चा १५० किलोमीटर वेग त्या सूत्रात घातला, तर सुमारे ३,२०० कोटी सूर्य हे उत्तर मिळते. प्रतिसाद १ मध्ये एकूण १५,७०० कोटींपैकी दिसणारे द्रव्य फार तर पाचव्या भागाइतके होते. म्हणजे एकही कण न वाढवता तोच आकडा आला. ही जुळणी एकाच दीर्घिकेपुरती असती तर मी ती सांगितली नसती. २०१६ मध्ये स्टेसी मॅकगॉ, फेदेरिको लेली आणि जेम्स शोम्बर्ट यांनी १५० हून अधिक दीर्घिकांमध्ये दिसणारे द्रव्य आणि प्रत्यक्ष त्वरण यांत फारच घट्ट संबंध दाखवला. शिवाय तेजाच्या मांडणीत जिथे लहानसा उंचवटा असतो, तिथे पुष्कळदा वेगाच्या आलेखातही उंचवटा दिसतो, अगदी ज्या भागात कृष्णद्रव्याचे वर्चस्व मानले जाते तिथेही.

मी स्वतः कृष्णद्रव्याच्या बाजूचा आहे. दीर्घिकांच्या समूहांत मिलग्रोम यांचा नियम लावूनही वस्तुमान कमीच पडते, आणि २००६ मध्ये 'बुलेट' समूहाच्या अभ्यासात गुरुत्वीय भिंगाने (मागच्या दीर्घिकांचा प्रकाश गुरुत्वाने वाकण्यावरून) दाखवलेले वस्तुमान तप्त वायूपासून अलग झालेले आढळले, तर दिसणाऱ्या पदार्थाचा बहुतांश भाग त्या वायूतच आहे. परंतु केवळ परिभ्रमणाच्या आलेखावरून कृष्णद्रव्य 'सिद्ध' झाले असे कुणी म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही. आलेखाने सिद्ध होते ते एवढेच की दिसणारे द्रव्य आणि न्यूटनचा नियम ही दोनच माणसे मिळून हा हिशेब पुरा करू शकत नाहीत.

त्रिज्या

शून्यमंडल यांच्याशी सहमत आहे. मृगशीर्ष यांच्यासाठी एक पुरवणी जोडतो, कारण माझ्या पहिल्या प्रतिसादावरून सर्व दीर्घिकांचा आलेख सपाट असतो असा समज होऊ शकेल.

बटू दीर्घिकांत तो मोजमापाच्या शेवटापर्यंत चढतच राहताना दिसतो. मध्यम दीर्घिकांत सपाट होतो. तेजस्वी आणि केंद्राकडे दाटलेल्या काही दीर्घिकांत तो शिखरानंतर स्पष्टपणे उतरतो. स्टेफानो कासेर्तानो आणि जाकलीन व्हान गॉर्कम यांनी १९९१ मध्ये एनजीसी २६८३ आणि एनजीसी ३५२१ यांच्याबाबत ते दाखवले. हा उतारही सर्व वस्तुमान केंद्रात असल्यास अपेक्षित असलेल्या उतारापेक्षा सौम्यच आहे, म्हणून न दिसणारे द्रव्य तिथेही लागते. पण अशा दीर्घिकांच्या आतल्या भागात ताऱ्यांचे वर्चस्व आहे, हे त्या उतारावरून कळते.

चढाचा बारकावाही तितकाच बोलका आहे. संगणकावर घडवलेल्या कृष्णद्रव्याच्या प्रभामंडळात केंद्राकडे जाताना घनता अंतराच्या व्यस्त प्रमाणात वाढत जाते, आणि तसे असेल तर वेग अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे, म्हणजे सुरुवातीला झटकन, चढला पाहिजे. प्रत्यक्षात अनेक बटू दीर्घिकांत तो अंतराच्या सरळ प्रमाणात, सावकाश चढतो, म्हणजे केंद्रात घनता जवळजवळ स्थिर आहे. १९९४ पासून हा पेच चर्चेत आहे. ताऱ्यांच्या स्फोटांनी वायू वारंवार बाहेर फेकला गेल्यामुळे केंद्रातले कृष्णद्रव्य पसरले असावे, हे त्याचे एक स्पष्टीकरण मला सर्वांत पटण्यासारखे वाटते, मात्र सर्वच बटू दीर्घिकांना ते पुरे पडत नाही.

आपल्या आकाशगंगेचा आलेख मोजणे विशेष कठीण, कारण आपण तिच्या आत आहोत आणि प्रत्येक ताऱ्याचे अंतर स्वतंत्रपणे काढावे लागते. ताऱ्यांची अंतरे आणि गती अचूक मोजणाऱ्या गाया उपग्रहाने हे चित्र बदलले. त्याच्या मोजमापांवर आधारलेल्या २०१९ च्या एका अभ्यासात ५ ते २५ किलोपार्सेक या पट्ट्यात वेग दर किलोपार्सेकला सुमारे १.७ किलोमीटरने घटत असल्याचे आढळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही विश्लेषणांत सुमारे २० किलोपार्सेकपुढचा उतार याहून तीव्र निघाला, आणि तो खरा मानल्यास आकाशगंगेचे एकूण वस्तुमान उपदीर्घिका (तिच्याभोवती फिरणाऱ्या लहान दीर्घिका) व गोलाकार तारकागुच्छांच्या गतींवरून येणाऱ्या अंदाजापेक्षा बरेच कमी ठरते. त्या अंतरावरचे तारे वर्तुळाकार कक्षांतच आहेत का, की जवळून गेलेल्या उपदीर्घिकांनी त्यांच्या गती ढवळल्या आहेत, हा त्या वादाचा गाभा आहे. आणि कक्षा वर्तुळाकार नसतील, तर वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या हे सूत्र तिथे सरळ वापरता येणार नाही.